नाताळची झाडं पुढच्या नाताळपर्यंत कशी सांभाळायची

डिसेंबरात दिवाणखान्यात मिरवलेलं लाल पानांचं पॉइन्सेटिया जानेवारीच्या मध्याला कचऱ्याच्या डब्याशेजारी पडलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. चकचकीत कागद गुंडाळून, रिबीन बांधून ते शोभेची वस्तू म्हणून विकलं जातं आणि घेणाराही ते तसंच वापरतो. खरं तर मेक्सिकोच्या डोंगरउतारांवर हेच झाड तीन-चार मीटर उंच झुडूप होऊन वर्षानुवर्षं जगतं. नाताळच्या नावाने येणारी बहुतेक कुंडीतली झाडं अशीच दीर्घायुषी आहेत. त्यांना सांभाळायला दोनच गोष्टी लागतात. एक म्हणजे पाणी घालताना हात आखडता घेणं आणि दुसरी म्हणजे वेळच्या वेळी अंधार.

अंधाराचं आधी सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. पॉइन्सेटिया आणि ख्रिसमस कॅक्टस ही दोन्ही झाडं कधी फुलायचं ते रात्रीच्या लांबीवरून ठरवतात. रात्र बारा तासांच्या वर गेली आणि काही आठवडे तशीच राहिली, की पानांना ऋतू बदलल्याचं कळतं. अट एवढीच, की ती रात्र सलग हवी. मध्येच दिवा लागला तर झाडाच्या हिशेबी एका मोठ्या रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात आणि सगळं मुसळ केरात जातं. उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या शेवटापासून रात्र बारा तासांच्या वर जाऊ लागते, म्हणून ही झाडं डिसेंबरात रंगात येतात. दक्षिण गोलार्धात बागेतलं पॉइन्सेटिया जून-जुलैत लाल होतं. तिथे ते डिसेंबरात हवं असेल तर उत्पादकांना काळं कापड ओढून खोटी रात्र करावी लागते. मी पुढे जे महिने सांगणार आहे ते उत्तर गोलार्धाचे आहेत. दक्षिणेकडच्यांनी त्यात सहा महिने मिळवावेत.

पॉइन्सेटिया

लाल दिसतात ती या झाडाची पानं. फुलं म्हणजे मधोमध दाटीने बसलेले हिरवट-पिवळे दाणे. घेताना मी आधी तेच बघते. दाणे मिटलेले असतील तर झाड ताजं आहे. त्यातून पिवळे परागकण सांडत असतील किंवा दाणे गळून मधला भाग बोडका झाला असेल, तर त्याचा बहर दुकानातच संपत आलाय. मग खालची पानं बघते. मातीपर्यंत हिरवी पानं हवीत. नुसते दांडे आणि वर लाल झुबका असेल तर ते झाड मी घेत नाही.

घरी आणल्याबरोबर प्लॅस्टिकची गुंडाळी काढा, 'उद्या काढू' म्हणू नका. गुंडाळीत कोंडलेल्या झाडातून निघणारा इथिलीन वायू आतच साचतो आणि पानं देठापासून खाली लोंबू लागतात. तळाचा चकचकीत कागदही काढा, नाहीतर निदान त्याला भोक पाडा. पॉइन्सेटिया थंडीने मरतं त्यापेक्षा त्या कागदात साठलेल्या पाण्याने जास्त मरतं. वरची माती बोटाला कोरडी लागली की भरपूर पाणी घालायचं, ते निथळू द्यायचं आणि बशीतलं ओतून टाकायचं. खोली १६ ते २१ अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. १० अंशांच्या खाली पानं खराब होतात. उघड्या दाराचा गार झोतही त्याला सोसत नाही, हीटरची गरम हवाही नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळू लागतील. घाबरू नका, पाणी कमी करा. मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये सगळ्या फांद्या १० ते १५ सेंटीमीटरवर छाटा. प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे राहिले की पुरे. छाटताना पांढरा चीक येतो. तो कातडीला खाजतो, म्हणून हातमोजे घाला. नवी पालवी आली की थोड्या मोठ्या कुंडीत हलवा. पाण्याचा निचरा होणारी माती घ्या, पंधरा दिवसांनी एकदा पातळ खत द्या आणि सकाळचं ऊन मिळेल अशी जागा बघा. उन्हाळाभर झाड वाढेल. वाढता वाढता ते लांबोडकं होतं, म्हणून शेंडे खुडत राहायचं. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला खुडणं बंद. त्यानंतर खुडलेल्या शेंड्यावर लाल पानं यायला वेळच उरत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून अंधार सुरू. संध्याकाळी पाचला झाडावर खोकं घालायचं, सकाळी आठला काढायचं. दिवसा झाड उजेडाच्या खिडकीत ठेवायचं, कारण दिवसभर नुसत्या सावलीत ठेवलेल्या झाडाला रंग भरायची ताकद राहत नाही. आमच्याकडे हे काम सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं आहे. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की टेबल फॅनचं जुनं खोकं उचलून ते निघतात. त्या खोक्याच्या फटींना काळी चिकटपट्टीही त्यांनीच लावली. माझा धाकटा 'लाल झालं का' म्हणून टॉर्च घेऊन खोकं उचलायचा. त्याला शेवटी सकाळी खोकं काढायची जबाबदारी दिली, तेव्हा तो प्रश्न सुटला. आठ ते दहा आठवड्यांत वरची पानं नीट रंगतात, मग खोकं बंद. या दिवसांत रात्रीचं तापमान २१ अंशांच्या वर राहिलं तर रंग यायला उशीर होतो, म्हणून घरातला गारसा कोपरा निवडा.

तुमचं झाड दुकानातल्यासारखं गच्च आणि बुटकं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. उत्पादक त्यावर वाढ रोखणारी रसायनं वापरतात. आणि एक गंमत आहे. दुकानातल्या पॉइन्सेटियाला इतक्या फांद्या फुटतात त्या एका आजारामुळे. फायटोप्लाझ्मा नावाचा जिवाणूसारखा सूक्ष्मजीव झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो आणि त्यामुळे झाड उंच न जाता झुडपासारखं पसरतं. कॅलिफोर्नियातलं, पॉइन्सेटिया पिकवणारं 'एके' आडनावाचं कुटुंब फांद्या फुटलेल्या झाडावर कलम करून हा गुण पुढच्या झाडांत उतरवत असे आणि बरीच वर्षं ती युक्ती त्यांच्या धंद्याचं गुपित होती. त्यामागे फायटोप्लाझ्मा आहे हे १९९७ मध्ये उजेडात आलं. छाट कलमातून तो पुढे जातो, बियांतून जात नाही. तेव्हा रोपं वाढवायची असतील तर छाटणीच्या फांद्या लावा, बियांच्या भानगडीत पडू नका.

हे झाड विषारी असल्याची अफवा मात्र काही केल्या मरत नाही. १९१९ मध्ये हवाईत एक लहान मूल पान खाऊन दगावल्याची गोष्ट पसरली, तिला कधीच पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतल्या विषनियंत्रण केंद्रांकडच्या पॉइन्सेटियाच्या २२,७९३ नोंदी तपासून १९९६ मध्ये अहवाल निघाला. त्यात एकही मृत्यू नव्हता आणि बहुतेकांना काहीच झालं नव्हतं. चिकाने खाज सुटेल, जास्त पानं खाल्ली तर पोट बिघडेल, एवढंच. खरी विषारी मंडळी पुढे येणार आहेत, त्यांना मात्र लोक बिनधास्त दारावर टांगतात.

झाडाचं नाव जोएल पॉइन्सेट यांच्यावरून पडलं. ते मेक्सिकोतले अमेरिकेचे पहिले राजदूत. त्यांनी १८२८ च्या सुमारास ही रोपं अमेरिकेला पाठवली. त्याच्या कितीतरी आधीपासून अ‍ॅझ्टेक लोक या लाल पानांपासून रंग काढत होते आणि सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू येशूजन्माच्या देखाव्यात ती वापरू लागले होते.

ख्रिसमस कॅक्टस

माझं सगळ्यात लाडकं हेच. आत्याने तीन पेरांचा एक तुकडा ओल्या कागदात गुंडाळून दिला होता, त्याची आता डेरेदार कुंडी झाली आहे. हे झाड पिढ्यान्‌पिढ्या चालतं, वारसाहक्काने मिळतं.

नाव निवडुंगाचं असलं तरी याला वाळवंटातलं समजू नका. याचे पूर्वज ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्याजवळच्या दमट डोंगरांवर, झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या खाचांत पालापाचोळ्यात वाढतात. त्याला कडक ऊन नको, गाळलेला उजेड हवा. पेरं लालसर पडली तर ऊन जास्त होतंय. माती भुसभुशीत हवी. मी कोकोपीट, पर्लाइट आणि थोडं कंपोस्ट घेते. वरचा थर सुकला की पाणी. पेरं मऊ आणि सुरकुतलेली दिसली तर लगेच पाणी ओतू नका, आधी माती बघा. माती कोरडी असेल तर तहान आहे, ओली असेल तर मुळं कुजली आहेत. दोन्हीत झाड सारखंच दिसतं आणि दुसऱ्या प्रकारात पाणी घालणं म्हणजे त्याला बुडवणं.

बाजारात ख्रिसमस कॅक्टस म्हणून बहुतेक वेळा त्याचा भाऊ मिळतो. पेराच्या कडांना टोकदार दात असतील आणि परागकण पिवळे असतील तर तो थँक्सगिव्हिंग कॅक्टस. तो महिनाभर आधी, नोव्हेंबरात फुलतो. कडा गोलसर असतील, परागकण गुलाबी-जांभळे असतील, तर तो खरा. हा संकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये विल्यम बकली यांनी केला. निगा दोघांचीही एकच, म्हणून भाऊ आला तरी परत करू नका.

कळ्यांसाठी सप्टेंबरच्या अखेरीपासून सुमारे सहा आठवडे रोज तेरा-चौदा तासांची रात्र द्या. याला अंधाराबरोबर गारवाही चालतो. रात्री १० ते १५ अंश तापमान मिळालं तर कळ्या धरायला दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा तो करत नाही. न वापरल्या जाणाऱ्या खोलीची खिडकी यासाठी नामी. पाणी जरा कमी, खत बंद.

कळ्या दिसल्या की सगळ्यात अवघड काम सुरू होतं. ते म्हणजे त्याला हात न लावणं. माझी बहीण दर वर्षी फोनवर विचारते, 'कळ्या का गळल्या गं?' आणि दर वर्षी मी विचारते, 'कुंडी कुठे हलवलीस?' जागा बदलली, उजेडाची दिशा बदलली, माती एकदम सुकली किंवा गार खोलीतून उबदार खोलीत आणलं, की कळ्या टपाटप गळतात. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर पाहुण्यांना झाडाकडे न्या.

नवीन रोप करणं याच्याइतकं सोपं कशाचंच नाही. फुलं संपल्यावर दोन ते चार पेरांचा तुकडा पिळून तोडा, एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या आणि खालचं पेर निम्मं मातीत खोचा. कुंडी लहानच घ्या, याला मुळं आवळलेली आवडतात.

अ‍ॅमॅरिलिस

नाताळला कंदाचं खोकं भेट म्हणून येतं ते बहुधा हे. शास्त्रीयदृष्ट्या ते अ‍ॅमॅरिलिस नव्हे, दक्षिण अमेरिकेतलं हिपिअ‍ॅस्ट्रम. विल्यम हर्बर्ट या ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२१ मध्येच त्याला वेगळं केलं, पण बाजार ऐकत नाही.

कंद मोठा निवडा. आकार जितका मोठा तितके फूलदांडे जास्त. कुंडी कंदापेक्षा दोन-तीन बोटंच रुंद हवी. वरचा तिसरा हिस्सा तरी मातीबाहेर राहिला पाहिजे, पूर्ण पुरलेला कंद मानेपाशी कुजतो. लावल्यावर एकदा पाणी घाला, मग कोंब दिसेपर्यंत जेमतेम. सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं, म्हणजे नाताळसाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावावं. दांडा उजेडाकडे वाकतो, म्हणून कुंडी दोन-तीन दिवसांनी फिरवा आणि काठीचा आधार द्या. फुलांच्या वजनाने अख्खी कुंडी कलंडते, तेव्हा मातीची जड कुंडी बरी.

फुलं गेली की फक्त दांडा कापा. पानांना हात लावायचा नाही. पुढच्या वर्षीचं फूल ती पानंच तयार करतात. साधारण चार पानं आली की कंदात एक नवा दांडा आकार घेतो. म्हणजे उन्हाळ्यात ज्याची पानं कमी, त्याच्याकडून फुलांची आशा नको. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ऊन आणि खत द्या, मग पाणी तोडा. पानं वाळली की कुंडी गार, अंधाऱ्या जागी आठ ते दहा आठवडे ठेवा. नोव्हेंबर लागताना बाहेर काढून वरची माती बदला आणि पाणी सुरू करा. कंद विषारी आहे. कुत्रं खणून चघळणार नाही इतक्या उंचावर ठेवा.

ख्रिसमस रोझ

हे गुलाब नाही, हेलेबोर आहे. मूळचं आल्प्सचं. घरात ते चार-पाच दिवस पाहुणं म्हणून ठेवा, नंतर बाहेर न्या, कारण उबदार खोलीत ते हिरमुसतं. अर्धसावली, निचऱ्याची आणि जरा चुनखडीची माती, आणि थंडी. कडक उन्हाळ्याच्या हवेत ते जगवायचा अट्टहास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पांढऱ्या पाकळ्या दिसतात ती खरं तर बाह्यदलं असतात, म्हणून ती गळत नाहीत, आठवडेच्या आठवडे टिकून हळूहळू हिरवट होतात. तोडलेली फुलं फुलदाणीत मान टाकतात. देठ आखूड कापून पसरट भांड्यात पाण्यावर तरंगत ठेवली तर छान राहतात. सगळं झाड विषारी आहे, छाटताना हातमोजे घाला.

हॉली आणि मिसलटो

हॉलीला लाल फळं येत नाहीत अशी तक्रार असेल तर आधी झाड नर की मादी ते बघा. फळं फक्त मादीला येतात आणि त्यासाठी आसपास नर लागतो. नावावरून अंदाज बांधू नका. 'गोल्डन किंग' ही जात मादी आहे आणि 'सिल्व्हर क्वीन' नर. नाव ठेवणाऱ्याने काय पाहिलं होतं देव जाणे. खालच्या फांद्यांची पानं काटेरी आणि वरची गुळगुळीत दिसली तर रोग समजू नका. जनावरांच्या तोंडाला येणाऱ्या उंचीवर झाड काटे जास्त काढतं. ख्रिस्ती परंपरेत या काट्यांत येशूचा काटेरी मुकुट आणि फळांत रक्ताचे थेंब पाहिले गेले, पण त्याआधी रोमन लोकही त्यांच्या हिवाळी सणात हॉलीच्या फांद्या एकमेकांना पाठवत. माळेसाठी कापलेली फांदी गार जागी टांगा, उबदार खोलीत ती लवकर कोमेजते. फळं मुलांच्या हाती लागू देऊ नका.

मिसलटो म्हणजे बांडगूळच. सफरचंद, पॉप्लर, लिंडन यांच्या फांद्यांत मुळं घुसवून पाणी पितं, अन्न मात्र बरंचसं स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करतं. ज्याच्याखाली चुंबन घ्यायची प्रथा आहे तेच हे. लावायचं असेल तर नाताळात टांगलेली फळं वापरू नका, ती पुरती पिकलेली नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताजी फळं घ्या, दाबून बी बाहेर काढा आणि चिकट गरासकट सफरचंदाच्या बोटभर जाड, कोवळ्या सालीच्या फांदीवर चिकटवा. सालीला चीर पाडायची गरज नाही. पक्षीही हेच करतात, खाताना चोच फांदीला पुसतात. भरपूर बिया लावा, कारण बऱ्याच वाया जातात, आणि इथेही नर-मादी वेगळे असतात. पहिली दोन वर्षं काहीच घडत नाही असं वाटेल. फळं यायला चार-पाच वर्षं लागतात. झाड अशक्त असेल तर त्याच्यावर हा प्रयोग करू नका. फळं आणि पानं दोन्ही विषारी.

ख्रिसमस ट्री

तोडलेलं झाड आणणार असाल तर नॉर्वे स्प्रूसपेक्षा नॉर्डमन फर घ्या. वास स्प्रूसला जास्त, पण सुया फरच्या जास्त दिवस टिकतात. घेताना फांदीवरून हात ओढून बघा, हातात सुया आल्या तर पुढच्या झाडाकडे वळा. घरी आणल्यावर बुंध्याची दोन-तीन सेंटीमीटरची चकती कापा आणि लगेच पाण्यात उभं करा. जुना काप डिंकाने बंद झालेला असतो. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंधा बाजूने तासू नका. पाणी ओढण्याचं काम बाहेरचाच थर सगळ्यात जास्त करतो. बुंध्याच्या दर अडीच सेंटीमीटर जाडीला दिवसाला साधारण एक लिटर पाणी धरा. पाण्यात साखर, अ‍ॅस्पिरिन वगैरे काही घालू नका, साधं पाणी पुरे. फक्त पातळी कापाच्या खाली जाऊ देऊ नका. एकदा काप सुकला की तो पुन्हा बंद होतो.

कुंडीतलं जिवंत स्प्रूस आठवडा-दहा दिवसांहून जास्त आत ठेवू नये. उबेमुळे त्याला वसंत आल्यासारखं वाटून कळ्या उमलू लागतात आणि बाहेर नेलं की थंडीने जळतात.

उबदार हवेत राहणाऱ्यांसाठी नॉरफोक आयलंड पाइन उत्तम. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक यांनी १७७४ मध्ये ते पॅसिफिकमधल्या त्या बेटावर पाहिलं आणि सरळसोट खोडं बघून जहाजांच्या डोलकाठ्या त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. कुंडीत ते सावकाश वाढतं. भरपूर उजेड द्या, आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, नाहीतर ते एकाच बाजूला झुकतं. खालच्या फांद्या एकदा वाळून गळाल्या की तिथे पुन्हा फुटत नाहीत, म्हणून माती फार सुकू देऊ नका. हिरवा रंग किंवा चमकी फवारलेलं झाड घेऊ नका. फांद्या लवचिक असतात, त्यांना कागदाचे, सुताचे हलके दागिनेच झेपतात.

आणि शेंडा जपा. तो मोडला की झाडाचा सुबक त्रिकोणी आकार गेला. बाजूच्या फांदीचं कलम लावून नवं झाड करू म्हणाल तर तेही जमत नाही, ते कलम जन्मभर आडवंच वाढतं. म्हणून मी तारा शेंड्यावर कधी बसवत नाही. कुंडीत बांबूची काडी रोवते आणि तारा तिला बांधते.